दोनदा १-१

वाशीमला गेलं की जेवणं झाल्यावर काकांशी एक वाद ठरलेला: धनराज पिल्ले. काकांचं मत पक्कं आहे. "नशीबच फुटकं बाप्पा त्याचं!"

हे मत सिडनीचं. २००० च्या ऑलिंपिकमध्ये पोलंडला हरवलं असतं तर आपण उपांत्य फेरीत गेलो असतो. आघाडी घेतली होती, पण अगदी शेवटी पोलंडने गोल केला. १-१. आपण सातवे आलो. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाशी आपण २-२ बरोबरी केली होती, आणि ऑस्ट्रेलियाला ब्राँझ मिळालं!

आता मागे जाऊ. डिसेंबर १९९८, बँकॉक, एशियाड. (आमचा जिल्हा तेव्हा सहा महिन्यांचाही नव्हता.) कर्णधार धनराज, अंतिम सामना कोरियाशी. तोही १-१! पेनल्टी स्ट्रोक्सवर आपण ४-२ जिंकलो. १९६६ नंतरचं पहिलं एशियाड सुवर्ण. तेव्हा मात्र काकांच्या तोंडी नशीब हा शब्दही नव्हता, सगळं धनराजचं कसब.

हॉकीत गोलच इतके थोडे होतात, की एक चेंडू इकडचा तिकडे झाला तर चार वर्षांचा हिशेब बदलतो. क्रिकेटमध्ये निदान शेकडो चेंडूंची नोंद तरी असते. इथे धनराजचे सामने ३३९ म्हणून सांगता येतात, पण गोल? हॉकी महासंघाने ते मोजून ठेवलेच नाहीत. १७० च्या वर, असं तो स्वतः सांगतो.

आणि मोजले असते तरी काय कळलं असतं? पाकिस्तानच्या सोहेल अब्बासच्या नावावर ३४८ गोल आहेत, बहुतेक पेनल्टी कॉर्नरवरचे. धनराज चेंडू घेऊन सुसाट आत घुसायचा, बचावपटू चूक करायचा, कॉर्नर मिळायचा... आणि मारायचा दुसराच कुणीतरी. गोल त्याच्या खात्यात! ती धाव कुठल्याच वहीत नाही.

शिवाय धनराज वाढला खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत. तिथे मैदान होतं, हॉकी खेळणारे मोठे भाऊ होते. आमच्याकडे हॉकी स्टिक मी पहिल्यांदा पाहिली ती टीव्हीवर. हेही नशीबच की.

परवा फोनवर काकांना हे सगळं ऐकवलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग बँकॉकलेबी नशीबच होतं म्हन्तं का तू?"

थोडंसं, म्हटलं. काकांनी फोन काकूकडे दिला.