कोयनेचं पीस, ट्राउटची माशी

ट्राउट मासा पकडण्यासाठी नकली माशी बांधायला शिकवणारे व्हिडिओ आज हवे तेवढे सापडतात. गळ छोट्या शिकंज्यात आवळायचा, त्याच्या दांडीवर दोरा गुंडाळायचा, पिसं चढवायची. मासोळीसारख्या बांधलेल्या काही माशांच्या शेवटी उस्ताद चिमटीत एक इवलंसं काळसर पीस धरतो. त्याच्या मधोमध सुकलेल्या मेणाच्या थेंबासारखा पिवळट-पांढरा चकचकीत ठिपका असतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तो बसला की नकली मासोळीला डोळे येतात. उस्ताद 'जंगल कॉक' एवढंच म्हणतो आणि पुढच्या गाठीकडे वळतो.

हा जंगल कॉक म्हणजे आपला करडा रानकोंबडा. तो भारताबाहेर रानात कुठेच नाही. साताऱ्याचं कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळा तालुक्याला भिडलेलं चांदोली ही त्याची घरं. 2010 पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. कृष्णा-कोयनेत ट्राउट नाही. इथला गळ गांडुळावर आणि कणकेच्या गोळीवर चालतो. तरीही अमेरिकेतल्या मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स यांनी बांधलेल्या 'ग्रे घोस्ट' या प्रसिद्ध माशीच्या गालावर हेच पीस आहे.

ते तिकडे पोचलं कसं? शिकारी गोऱ्या अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून कातडी नेली, असं एक सोपं उत्तर देता येतं. ते पुरेसं वाटत नाही. 1895 मध्ये जॉर्ज केल्सनने सॅमन पकडण्याच्या नकली माशांवरचा मोठा ग्रंथ काढला, तेव्हा कृतीमागून कृतीत हे पीस सांगितलं. दुकानात नियमित न मिळणारी वस्तू कोणी अशी लिहीत नाही. हा माल बायकांच्या टोप्यांसाठी चाललेल्या पिसांच्या व्यापारातूनच आला असावा. त्या बाजाराला गावाचं सोयरसुतक नव्हतं, याचा पुरावा नावातच आहे: केल्सनच्या काळचा 'इंडियन क्रो' दक्षिण अमेरिकेतला पक्षी, आणि खरोखर हिंदुस्थानातून आलेल्या पिसाच्या नावात हिंदुस्थान नाही.

1902 मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर नेण्यावर बंदी घातली. 1972 चा वन्यजीव कायदा त्याहून कडक. आता परदेशातले कारागीर तिकडेच पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं वापरतात.

पण खरी गंमत माशीच्या दुसऱ्या पिसात आहे. ट्राउटच्या माशीभोवती फिरवतात ते 'हॅकल' पाळीव कोंबड्याच्या मानेचं. अठराव्या शतकात भारतात फिरलेल्या पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने आपला करडा रानकोंबडाच पाळीव कोंबड्यांचा पूर्वज ठरवला होता. शास्त्रीय नावात आजही तोच आहे: गॅलस सोनेराती. 1868 मध्ये डार्विनने त्याला खोडून काढलं आणि मान तांबड्या रानकोंबड्याला दिला. प्रश्न मिटला, असं जगाने धरलं.

2008 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा जनुक तांबड्याकडून आलेला नाही. तो करड्याकडून आला असण्याचीच शक्यता सर्वांत जास्त. मूळपुरुष तांबडाच, पण सोनेरा पुरता चुकला नव्हता. हा जनुक कातडीचा, पिसांचा नव्हे, हे मान्य. तरी पिवळ्या पायांच्या कोंबड्याचं हॅकल माशीवर चढतं, तेव्हा त्या कोंबड्याच्या रक्तात बहुधा करड्या रानकोंबड्याचा वाटा असतो, आणि तो कोणत्याही पिसांच्या व्यापाऱ्याच्या कितीतरी आधी भारताबाहेर गेला होता.