तिरक्या भोकाचे बूच

एका फळीच्या पाठीत तिरके भोक पाडायचे, त्यातून स्क्रू दुसऱ्या फळीत उतरवायचा आणि मग ते भोक लाकडाच्याच बुचाने बुजवायचे, असा हा सांधा आहे. यातला तिरका स्क्रू जुना; बूच त्या मानाने कालचे. इंग्लंड-अमेरिकेतल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या टेबलांखाली डोकावले, तर वरचा फळा खालच्या चौकटीला याच रीतीने धरलेला पुष्कळदा आढळतो. चौकटपट्टीच्या आतल्या अंगाला सुतार गोल पटाशीने तिरकी खोबण कोरी, गिरमिटाने भोक आरपार नेई आणि स्क्रू खालून वर पिळी. खोबणी हाताने, अंदाजाने कोरलेल्या. दोन एकसारख्या निघत नसत. त्या बुजवण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नसे, कारण टेबलाखाली वाकून पाहतो कोण?

बूच आले दुसऱ्या घराण्यातून. लाकडी जहाजाच्या डेकवर फळ्या ठोकताना बोल्टचे डोके खोल बसवून वर लाकडाचे गोल बूच बसवण्याची रीत होती. त्यामुळे पाणी आत शिरत नसे, लोखंड गंजत नसे आणि पायाला काही लागत नसे. बुचाचे रेषे फळीच्या रेषांना समांतर ठेवण्याचा नियमही तिथलाच. पुढे हे बूच घरात शिरले आणि मिरवूही लागले. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे चार्ल्स व हेन्री ग्रीन या वास्तुरचनाकार बंधूंनी 1908 च्या सुमारास गॅम्बल हाउस उभारले. तिथल्या लाकूडकामात स्क्रूंवर काळ्या एबनीची चौकोनी बुचे बसवलेली आहेत. ती फळीच्या किंचित वर ठेवून त्यांच्या कडा हाताने गोलसर केलेल्या आहेत. लपवायचे ते स्क्रूचे डोके. झाकण मात्र दागिना झाले. पण ही सगळी भोके सरळ होती. तिरक्या भोकाला बूच मिळायला ते भोक आधी साच्यातून निघणे गरजेचे होते.

तो साचा घरोघरी पोचवण्याचे श्रेय अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या क्रेग सोमरफेल्ड या अवजारे घडवणाऱ्या कारागिराकडे जाते. 1980 च्या दशकात घरच्या स्वयंपाकघरातली कपाटे बनवताना चौकटी जोडायला त्याने एक जिग, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा, केला. कपाटांच्या कारखान्यांत तिरकी भोके पाडणारी मोठी यंत्रे असत. सोमरफेल्डचा जिग मात्र हातातल्या ड्रिलवर चालणारा होता. त्यातून निघालेल्या 'क्रेग' कंपनीच्या जिगमध्ये पोलादी नळ्या 15 अंशांत बसवलेल्या असतात आणि पायरीदार ड्रिल बिट त्यांतून आत जातो. बिटचा जाड भाग स्क्रूच्या डोक्यासाठी 9.5 मिलिमीटरचा सपाट बुडाचा कप्पा पाडतो, पुढचे बारीक टोक स्क्रूची वाट काढते. कॅनडाच्या रॉबर्टसनने 1908 च्या सुमारास आणलेला चौकोनी खाचेचा स्क्रू इथे फार उपयोगी पडला. खोल तिरक्या भोकात सरळ खाचेच्या स्क्रूवरून पेचकस घसरतो.

आता प्रत्येक भोक हुबेहूब सारखे निघू लागले. 9.5 मिलिमीटरचा गोल 15 अंशांत फळीत शिरला की वर लांबट अंडाकृती तोंड उमटते. रुंदी तेवढीच, लांबी मात्र सुमारे 37 मिलिमीटर. म्हणून साधा गोल दांडा आखूड कापून चालत नाही. त्याचे वरचे तोंडही त्याच कोनात तासावे लागते. माप ठरलेले असल्यामुळे तसे तयार बूच पाकिटांत विकणे शक्य झाले: ओक, मेपल, अक्रोड, पाइन अशा लाकडांचे, शिवाय रंग द्यायच्या कामासाठी स्वस्त लाकडाचे आणि लॅमिनेट लावलेल्या कपाटांसाठी प्लॅस्टिकचे.

बसवण्याची रीत सोपी, पण घाई सोसत नाही. भोकात थोडा सरस घालायचा, बूच बुडाला टेकेपर्यंत दाबायचे, तोंड फळीच्या जरासे वर ठेवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. ओल्या सरसावर पॉलिश पेपर मारला तर सरस रेषांत शिरतो आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही. वाळल्यावर लवचीक पात्याच्या करवतीने वरचा भाग कापून मग घासायचे. इतके करूनही स्टेन लावला की बूच डोळ्यांत भरू शकते. रेषे तिरके कापले गेल्याने त्यांची तोंडे उघडी पडतात आणि ती रंग जास्त पितात. यावर उतारा म्हणून त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून तिरके बूच काढणारे कटर निघाले. त्यात निदान लाकडाचा पोत व रंग जुळतो. भोक बुजवायच्या पुट्टीने हे काम भागत नाही. एवढ्या मोठ्या पोकळीत ती वाळताना आकसते आणि खळगा दिसतो.

बुचाने सांध्याची ताकद वाढते असे समजणे चुकीचे आहे. ओढ धरतो तो स्क्रूच, आणि एकदा सरस लावून बूच बसवले की तो स्क्रू पुन्हा आवळता येत नाही. म्हणून भोक दर्शनी बाजूला आले असेल तिथेच बूच बसवावे. कपाटाच्या पाठीला आणि टेबलाच्या पोटाला ते उघडे राहिलेलेच बरे.