डबल क्लच

आज जरा जुन्या जीपविषयी. १९४०च्या दशकात महिंद्रांच्या कंपनीनं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. या जीपला पुढचे गियर तीनच. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोमेश होतं, पहिल्याला नव्हतं. सिंक्रोमेश म्हणजे दात एकमेकांत अडकण्याआधी त्यांची गती जुळवणारी रिंग. कॅडिलॅकनं ती १९२८ मध्येच आणली होती. जीपचा पहिला गियर चालत्या गाडीत टाकायचा तर हे काम ड्रायव्हरच्या पायाकडे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडून थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबून गियर टाका. हाच डबल क्लच! चुकला की खर्रर्र.

सपाटीवर या आवाजाचं फार तर हसू व्हायचं. बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात तो जिवाशी खेळ. उतारावर दुसरा काढला आणि पहिला पडलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते, सगळा भार ब्रेकवर. म्हणून जाणते ड्रायव्हर उतार लागायच्या आधीच गियर टाकतात.

आता गाड्यांना सिंक्रोमेश असतं. त्यामुळे गियरशी झगडावं लागणं हे कसब नव्हे, दुखणं आहे. इंजिन बंद असताना सगळे गियर अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात? मग बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. एकाच गियरला खर्रर्र होतं? मग त्याची रिंग झिजली असेल. घाट चढण्याआधी दाखवून घ्या. खाली उतरायचंही असतं!