मालिकेतलं नाव आणि आपलं मुरडलेलं नाक

बारशाच्या पंगतीत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. "काय हो हे नाव? कुठल्या सिरीयलमधून उचललं?" आणि सगळे हसतात. अर्णव, जान्हवी, खुशी, प्रेरणा. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं की कुणीतरी लगेच चॅनेलचं नाव सांगून मोकळं.

या हसण्यामागे एक समज आहे. पूर्वी नावं कशी विचार करून, संस्कारातून ठेवली जायची आणि टीव्हीने सगळा बट्ट्याबोळ केला. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीधर कवींनी हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ लिहिले. पुढे कित्येक पिढ्या चातुर्मासात गावोगावच्या देवळात पोथी लागायची. दिवसभर रानात राबलेली माणसं रात्री येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी काय होणार, याची उत्सुकता तेव्हाही होतीच. तुमच्या गावची जुनी मतदार यादी काढा. द्रौपदा, मंदोदरी, रुक्मिणी, अर्जुन, भीमा ही नावं कुठून आली? गोष्टीतूनच आली ना? संध्याकाळी गाव जिथे जमतं, तिथून नावं येतात. साधा हिशोब आहे.

मग जमण्याची जागा बदलली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. २५ जानेवारी १९८७ ला रामायण आणि २ ऑक्टोबर १९८८ ला महाभारत लागलं, तेव्हा लोक टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून समोर बसायचे. म्हणजे पोथीच ती, फक्त पेटीतून यायची. पुढे १९९९ ला अल्फा मराठी आलं, २००० साली तुलसी-मिहीर घराघरात शिरले, २०१३ ला जान्हवी आली. गोष्ट देवांची होती ती माणसांची झाली, एवढाच फरक.

आता मूळ प्रश्न. गोष्टीतलं देखणं नाव पूर्वी सगळ्यांच्या वाट्याला येत होतं का?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ सांगणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. हे पुस्तकात होतं आणि व्यवहारातही दिसत होतं. मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू, केरबा ठेवायची रीत अनेक जातींत होती, हे खरं. पण वेशीबाहेर ही नावं नवसाशिवायही चिकटायची. चांगलं नाव असलं तरी हाक मारताना त्याला 'या' लागायचा. महादू असेल तर महाद्या. त्याच्या म्हातारपणीसुद्धा.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, यशोधरा जन्माला आले. आपल्या पोराचं नाव आपण निवडायचं, हा तिथे केवढा मोठा हक्क होता, हे नाव आयतं मिळालेल्यांना सहज कळायचं नाही.

टीव्हीने कुठलं आंदोलन केलं नाही. त्याला जाहिराती विकायच्या होत्या. पण वाड्यात लागलेली मालिकाच झोपडीत लागली आणि प्रेरणा हे नाव दोन्हीकडे एकाच वेळी पोहोचलं. आज पहिलीच्या हजेरीपटावरची आडनावं झाका आणि नुसत्या नावावरून जात ओळखून दाखवा. अवघड आहे. "हल्ली सगळ्यांची नावं सारखीच" अशी तक्रार ऐकू आली की मला ती तक्रार वाटतच नाही.

मुलींचं तर आणखी वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव संपलं. २०१२ ला 'उंच माझा झोका' मालिकेतून ज्या रमाबाई रानडे घराघरात पोचल्या, त्या माहेरच्या यमुना कुर्लेकर.

आणि काहींना तर पुसायलाही धड नाव मिळालं नाही. मुलीवर मुलगी झाली की नकुशी. नको असलेली. शाळेच्या रजिस्टरवर, दाखल्यावर, सगळीकडे तेच. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ उरल्या. त्याच २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात प्रशासनाने कार्यक्रम घेऊन २८५ नकुशींना नवी नावं आणि प्रमाणपत्रं दिली. कुणी सावित्री झाली, कुणी वैशाली. आणि काहींनी थेट पडद्यावरून नाव घेतलं, ऐश्वर्या.

गंमत बघा. नेमकी त्याच काळात कलर्स वाहिनीवर 'लागी तुझसे लगन' ही हिंदी मालिका चालू होती आणि तिच्या नायिकेचं नाव होतं नकुशा. पडद्यावर ते नाव नायिकेला शोभलं. साताऱ्यातल्या मुलींनी मात्र ते टाकून दिलं, कारण त्यांना ते रोज हजेरीला ऐकावं लागत होतं.

तेव्हा पुढच्या बारशाला नाव मालिकेतलं निघालं तर हसण्याआधी एक विचार करा. त्या आईबापांनी लेकीसाठी ऐकलेल्यातलं सगळ्यात गोड नाव शोधलं. मालिका वर्ष-दोन वर्षांत बंद पडेल, नाव पोरीचं होऊन राहील.

आणि शिक्षक, ग्रामसेवक मित्रांनो, एक विनंती. तुमच्या रजिस्टरात अजून एखादी नकुशी असेल तर तिला विचारा, तुला कुठलं नाव आवडतं? तिने मालिकेतलं सांगितलं तर मालिकेतलं लिहा.