साखळीकडून पट्ट्याकडे : घरगुती मोटारदुरुस्तीतील एक स्थित्यंतर

मुंबई परिसरातील मोटारदुरुस्तीची परंपरा मुख्यतः साखळीच्या एंजिनावर घडली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० आणि पुढील पद्मिनी या गाड्यांत क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत साखळीच पोहोचवीत असे. ही साखळी तेलात फिरे व झिजू लागली की खडखडून तसे कळवी.

१९६२ मध्ये जर्मनीतील ग्लास १००४ या मोटारीत रबरी दंतुर पट्टा अवतरला. १९६६ मध्ये ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या दुहेरी कॅमशाफ्टच्या एंजिनाबरोबर तो फियाट १२४ स्पायडर या स्पोर्ट्स मोटारीत आला. पट्टा हलका, कोरडा व आवरण काढताच हाती लागणारा असल्याने घरच्या घरी बदलणे शक्य झाले. परंतु तो बहुधा पूर्वसूचनेवाचून तुटतो. आणि तसे झाल्यास अनेक एंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळून ते वाकतात. म्हणूनच खुणा जुळविणे, ताण नेमका ठेवणे आणि क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासणे, हा दंडक रूढ झाला. साखळीचा कारागीर कानाने निदान करी. पट्ट्याच्या मालकास मात्र अंतराची व वर्षांची नोंद ठेवणे भाग पडले.