प्रताप मुळीक

प्रताप मुळीक हे पुण्यातील चित्रकार व चित्रकथाकार होते. अमर चित्र कथा मालिकेतील अंक आणि राज कॉमिक्सच्या 'नागराज' या महानायकाचे आरंभीचे अंक यांसाठी ते ओळखले जातात.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेसाठी मुळीकांनी 'शिवाजी'सह अनेक पौराणिक व ऐतिहासिक अंक रेखाटले. महानायक मात्र तोवर बहुतांशी परदेशीच होता. १९६४ पासून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉक यांचा फँटम मराठीत 'वेताळ' म्हणून घरोघरी पोहोचवला होता. १९८०च्या दशकात मुळीकांनी अमिताभ बच्चन यांना नायक करणारी 'सुप्रीमो' ही चित्रकथा रेखाटली.

१९८६ मध्ये नागराज अवतरला. पहिल्या अंकाची कथा परशुराम शर्मा यांची. प्रोफेसर नागमणीने संहारक अस्त्र म्हणून घडवलेला आणि गोरखनाथांमुळे सन्मार्गाला लागलेला हा नायक अंगातून साप सोडतो. कल्पना विचित्रच, परंतु ती पटली त्याचे बरेचसे श्रेय मुळीकांच्या रेषेला जाते. त्यांच्या नागराजाची ठेवण अमेरिकी महानायकांपेक्षा अमर चित्र कथेतील देव व योद्ध्यांच्या जवळची आहे: बांधा प्रमाणबद्ध, चेहरा शांत. पुढे अनुपम सिन्हा यांच्या हाती तो अधिक पिळदार व गतिमान झाला. जुन्या वाचकांपैकी अनेकांना आजही मुळीकांचाच नागराज प्रिय आहे.

नागराज दिल्लीहून हिंदीत प्रसिद्ध होत असल्याने त्यामागचा पुणेरी हात मराठीत फारसा चर्चिला गेला नाही. कलाविद्यार्थ्यांना मुळीक परिचित आहेत ते प्रामुख्याने ज्योत्स्ना प्रकाशनाच्या 'स्केचिंग' या पुस्तकामुळे.