टोकदार कंसांची झाडाझडती

४ ऑक्टोबर २००५. लॉस एंजेलिसमधल्या सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने मायस्पेस या साइटवरच्या आपल्या पानात थोडा जादा मजकूर घातला. पान बघायला येणाऱ्या माणसाला तो दिसत नव्हता, पण त्याच्या ब्राउझरला दिसत होता. तो वाचून ब्राउझर मालकाला न विचारताच सॅमीला मैत्रीची विनंती पाठवायचा, मालकाच्या पानावर ‘सॅमी माझा हीरो’ अशा अर्थाची ओळ लिहायचा आणि सगळा मजकूर तिथेही चिकटवायचा. पुढे ते पान जो उघडेल, त्यालाही लागण. २० तासांत दहा लाखांहून जास्त लोकांची पानं बाधली आणि मायस्पेसला दुरुस्तीसाठी साइटच बंद करावी लागली.

मायस्पेस काही गाफील नव्हतं. लोक लिहीत ते तपासूनच पानावर येत होतं, धोक्याचे शब्द खोडले जात होते. तरी हे आत शिरलं. कसं शिरलं, हे कळायला या मजकुराच्या खापरपणजोबांपर्यंत मागे जावं लागतं.

१९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघं कायद्याचे दस्तऐवज संगणकात कसे ठेवावेत याच्या मागे लागले होते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी असं मजकुरातच खुणेने सांगायचं, ही त्यांची युक्ती. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘जीएमएल’ नाव पडलं. तिच्यातल्या खुणा विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होत. टोकदार कंस आले ते तिच्या पुढच्या पिढीत, ‘एसजीएमएल’मध्ये. १९८६ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत तिचा वापर होताच. तिथेच काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी ‘एचटीएमएल’ बेतली, तेव्हा घरातलेच कंस उचलले.

या घराण्याचा एक दोष जन्मापासूनचा. मजकूर आणि मजकुराबद्दलची सूचना, दोन्ही एकाच शाईने एकाच ओळीत लिहिलेलं. शाळकरी गणितातलं ‘५ < ७’ लिहायचं तर ब्राउझरला ते ‘पेक्षा लहान’चं चिन्ह न वाटता टॅगची, म्हणजे टोकदार कंसांतल्या खुणेची, सुरुवात वाटू शकते. तोडही घराण्यातच होती: चिन्हाऐवजी त्याचं टोपणनाव लिहायचं. आधी ‘&’, मग ‘लेस दॅन’ची आद्याक्षरं एल आणि टी, शेवटी अर्धविराम. ब्राउझर ते वाचतो, पडद्यावर निमूट कंस काढतो आणि त्याला टॅग समजत नाही. याला ‘एस्केप करणं’ म्हणतात. मात्र ‘&’ला असं काम लावल्यावर त्यालाही टोपणनाव द्यावं लागलं. एखाद्या मिठाईच्या दुकानाच्या साइटवर ‘पेढे & बर्फी’ऐवजी मध्येच ए-एम-पी ही अक्षरं लोंबताना दिसली, तर समजावं की तो मजकूर एकदाऐवजी दोनदा एस्केप झालाय.

सुरुवातीची काही वर्षं या दोषाने कुणाचं फार बिघडलं नाही. पाहुण्याने अभिप्रायात ठळक अक्षराचा टॅग उघडून बंद केला नाही, तर खालचं सगळं पान ठळक व्हायचं. वैताग, पण घात नव्हे.

घाताची सोय १९९५ साली झाली. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना उभा केला. तीच जावास्क्रिप्ट. आता टोकदार कंसांत नुसती सजावट नव्हती, हुकूमही होते, आणि ब्राउझर ते पाळत होता. एका साइटच्या स्क्रिप्टने, म्हणजे अशा हुकुमांच्या मजकुराने, दुसऱ्या साइटच्या पानात डोकावू नये, असा नियम नेटस्केपने घातला होता. पण परक्याने लिहिलेली स्क्रिप्ट पानाच्या मजकुरातच आली, तर ब्राउझरच्या दृष्टीने ती त्या साइटचीच. घरात शिरलेला माणूस घरचाच.

या घाताला नाव मिळालं जानेवारी २००० मध्ये. मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यांपुढे ‘अनधिकृत साइट स्क्रिप्टिंग’, ‘लबाड स्क्रिप्टिंग’ अशी बरीच नावं होती. त्यातून ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ ठरलं. त्याची आद्याक्षरं ‘सीएसएस’ होतात, पण ती पानाच्या सजावटीच्या भाषेने आधीच घेतलेली. म्हणून क्रॉसच्या जागी फुली आली आणि ‘एक्सएसएस’ रूढ झालं. २ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने जाहीर इशारा दिला.

सगळंच एस्केप करून टाकलं की धोका संपतो, पण मग लोकांना ठळक अक्षर, दुवा, चित्र काहीच वापरता येत नाही. यावर काही चर्चास्थळांनी आडवाट काढली: टोकदार कंस सगळे निष्प्रभ करायचे आणि लोकांना चौकोनी कंस द्यायचे. ब्राउझरला चौकोनी कंसाचं सोयरसुतक नसतं, त्याचं रूपांतर साइट स्वतःच करते. ‘बीबीकोड’ तो हाच. पण ज्यांना लोकांकडून खरीखुरी एचटीएमएलच घ्यायची होती, त्यांना ती निवडून घेणं भाग होतं. निवडायच्या या कामाला ‘सॅनिटाइझ करणं’ हे नाव आहे. २०२० नंतर आपल्या घराघरांत बाटलीतून पोचलेला शब्द या धंद्यात आधीपासून मुरलेला होता.

निवडायच्या तऱ्हा दोन. तांदळातले खडे वेचून टाकायचे, की ओळखीचा दाणा तेवढाच ताटात घ्यायचा? मायस्पेस खडे वेचत होतं, आणि सॅमीने प्रत्येक खडा तांदळासारखा रंगवला. ‘जावास्क्रिप्ट’ शब्द खोडला जातो? त्याने तो मध्येच तोडून उरलेला अर्धा खालच्या ओळीवर नेला. तपासनीसाला दोन निरुपद्रवी तुकडे दिसले आणि काही ब्राउझरांनी ते उदारपणे जोडून घेतले. स्क्रिप्टचा टॅग बंद? त्याने हुकूम सजावटीच्या भाषेत, पार्श्वभूमीच्या चित्राच्या पत्त्यात लपवला. अवतरणचिन्ह चालत नाही? संगणकाच्या कोष्टकातला त्याचा क्रमांक दिला, ३४. बंदी असलेली लांबलचक नावं अर्धी अर्धी लिहून चालत्या स्क्रिप्टमध्ये जोडली.

या पराक्रमापायी सॅमीला २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला आणि पुढची काही वर्षं संगणकावर बंधनं सोसावी लागली. त्याचं नाव मात्र या धंद्यात कायमचं राहिलं. वेब-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या छत्राखाली एक गाळणी तयार झाली. तिचं नाव ‘अँटीसॅमी’. ती दुसऱ्या तऱ्हेची होती: काय चालेल याची यादी आधी, उरलेलं सगळं बाहेर. स्वीडनच्या उल्फ हार्नहामार यांची ‘केसेस’ ही गाळणीही याच मताची. वर्डप्रेसने ती आपलीशी केली आणि तिच्यावर बेतलेली फंक्शनं वर्डप्रेसमध्ये आजही आहेत. २००६ साली एडवर्ड यांग यांचं ‘एचटीएमएल प्युरिफायर’ आणखी पुढे गेलं. आलेला मजकूर खोडण्याच्या भानगडीत ते पडतच नाही. तो सुटा करून त्याचं झाड मांडतं, परवानगी नसलेल्या फांद्या टाकतं आणि उरलेल्या झाडावरून नवा, नेटका मजकूर लिहून काढतं.

एवढ्याने हा वंश मार्गी लागायला हवा होता. पण गाळणी मजकूर वाचते एका नियमाने, आणि ब्राउझर वाचतो आपल्या नियमाने. १९९० च्या दशकापासून ब्राउझर मोडकीतोडकी एचटीएमएल सांभाळून घेत आले, न मिटलेले टॅग मिटवत आले, चुकलेला क्रम लावत आले. म्हणजे गाळणीतून स्वच्छ निघालेला मजकूर ब्राउझरच्या हातात पडल्यावर बदलू शकतो. मारिओ हायडरिश आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एका निबंधात हेच दाखवलं. मजकूर तपासताना निरुपद्रवी असतो आणि ब्राउझरने तो वाचून पुन्हा लिहिला की त्यातून स्क्रिप्ट उभी राहते. अशा घाताला ‘एम-एक्सएसएस’ म्हणतात, त्यातला ‘एम’ म्युटेशनचा, म्हणजे रूप पालटण्याचा.

मग वाचायला ब्राउझरलाच का बसवू नये? बर्लिनच्या क्युअर५३ या हायडरिश यांच्याच कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘डॉमप्युरिफाय’चं काम सुरू केलं ते याच विचाराने. ही गाळणी ब्राउझरच्या आत चालते, ब्राउझरनेच लावलेलं झाड बघते आणि नको ते छाटते.

तरी फट राहतेच. २०१९ साली जपानच्या मासातो किनुगावा यांचा एक शोध जाहीर झाला: खुद्द गुगलच्या शोधपेटीतून स्क्रिप्ट चालवता येत होती. ‘नोस्क्रिप्ट’ नावाचा टॅग स्क्रिप्ट बंद असताना एका रीतीने वाचला जातो आणि चालू असताना दुसऱ्या. गुगलची गाळणी मजकूर तपासायची ते स्क्रिप्ट बंद असलेल्या आडोशाला, आणि तो दाखवला जायचा चालू असलेल्या पानावर. आडोशाला जे अवतरणचिन्हांतलं गुपचूप शीर्षक होतं, ते पानावर आल्यावर टॅग झालं. काही महिन्यांपूर्वी गाळणीत केलेल्या एका बदलात याविरुद्धचा जुना बंदोबस्त निघून गेला होता.

आता ही गाळणी ब्राउझरमध्येच कायमची बसवण्याचं मानक तयार झालं आहे. मजकूर पानात घालण्याचा हुकूम दिला की ब्राउझरने स्क्रिप्ट काढूनच तो घालायचा, अशी त्यातली रीत. वाचणारा आणि तपासणारा एकच झाला, की दोघांच्या मतभेदावर पोसलेल्या युक्त्यांना जागा उरत नाही. जुनी पानं आणि जुने ब्राउझर मात्र अजून वापरात आहेत. अमेरिकेतली मायटर ही संस्था दर वर्षी सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत घातक २५ दोषांची यादी काढते. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगला नाव मिळून २४ वर्षं झाल्यावर, २०२४ च्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होतं.